ऐसपैस अक्षरातला धोका

सज्जा पडला.

पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. नगर कार्यालयाच्या दप्तराप्रमाणे चौकाच्या बाजूचा, पहिल्या मजल्यावरचा सज्जा आजही जागच्या जागी आहे. त्याला कठडा आहे, कठड्यावर कुंड्या आहेत, आणि कुंड्यांना पाणी घालायची पाळीसुद्धा नेमून दिलेली आहे. तेव्हा आपणही सरकारी शब्दाला मान देऊ, सज्जा वर ठेवू आणि गोष्ट खालून सुरू करू. खाली, सुशोभन खात्याच्या खोलीत, काऊ भांडत होती.

काऊ म्हणजे पंखवाली नव्हे. ही दोन पायांवर चालणारी, चष्मा लावणारी, ब्रशने अक्षरं काढून पोट भरणारी बाई. नाव आईने दिलेलं. आई शाळेत पहिलीच्या मुलांना अक्षर वळवायला शिकवायची. सगळी वस्ती तिला ‘बाई’ म्हणायची आणि शाळेच्या वेळात पोटच्या पोरीलाही तीच सक्ती होती. त्याचा परिणाम असा, की घरी ‘भूक लागलीय’ म्हणण्याआधी काऊचा हात आपोआप वर जायचा. पहिलीत एकदा बाईंनी तिची पाटी उचलून वर्गाला दाखवली. ‘‘हे अक्षर आहे, की कावळा नाचून गेलाय?’’ वर्ग हसला, नाव चिकटलं. दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्या हातात देण्यात आली. डावा हात तिथेच, पहिलीत राहिला. पुढे त्याने कपाचा कान धरण्यापलीकडे काही शिकून घेतलं नाही.

उजवा मात्र इरेला पेटला. शाळा सुटली, कॉलेज सुटलं, दोन नोकऱ्या सुटल्या, पण त्याने ब्रश सोडला नाही. शेवटी काऊने स्वतःच्या हाताचं वळण कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि त्याचा फॉन्ट केला. नाव ठेवलं ‘ऐसपैस’. प्रत्येक अक्षर ओल्या ब्रशने दमदार सुरू व्हायचं आणि सुटता सुटता इतकं भरधाव जायचं, की ब्रशचे केस फाकून शेवटी पांढऱ्या रेघांचा कोरडा फराटा उमटायचा. वरची रेघ सरळ नव्हतीच. वाऱ्यावर वाळत घातलेल्या धोतरासारखी मध्येच झुलायची. वेलांट्या अशा, की खाली उभं राहिलं तर पाऊस लागू नये. आणि एकच अक्षर लागोपाठ आलं तर दुसरं जरा वेगळं उमटायचं, कारण माणसाचा हात तेच अक्षर तसंच दोनदा काढत नाही. हे शेवटचं काम काऊने जिवापाड केलं होतं. छापलेलं असूनही कोणीतरी आत्ताच, आपल्यासाठी, हसत हसत लिहून गेलंय असं वाटावं म्हणून.

वाटलंही. केक, साबण, सलून, चहाची टपरी, दातांचा दवाखाना, जो तो ‘ऐसपैस’ वापरू लागला. वाटलं नाही ते फक्त बाईंना. त्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, ‘‘वेलांटी जरा जास्तच नटलीय.’’ बस. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. काऊ तेव्हापासून त्या वाक्यात कुठे कौतुक सापडतंय का ते शोधत होती, पाहुण्यांच्या उपम्यात काजू शोधावा तशी.

मग नगर कार्यालयाने ठरवलं, की गावातल्या सगळ्या पाट्या एकाच अक्षरात हव्यात. ‘ऐसपैस’मध्ये. इथे घोळ सुरू झाला. कारण ‘ऐसपैस’मध्ये काहीही लिहा, त्याचा अर्थ ‘या, बसा’ असाच होतो. ‘थुंकू नये’ अशी पाटी लागली, लोक खूश होऊन तिच्याशेजारी थुंकले. ‘शवागार’ अशी लागली, तर एका जोडप्याने दारातून डोकावून विचारलं, ‘‘दोघांसाठी जागा आहे का?’’

इथवर काऊ हसली होती. पण सकाळी फोनवर कुणीतरी एक फोटो पाठवला आणि तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला. फोटोत एक तरुण दात काढून उभा होता. त्याच्या पाठीशी पाटी होती: ‘धोका! सज्जा कमकुवत आहे. वर येऊ नये.’ आणि तो वर होता. म्हणून ती तडक इथे आली होती.

‘‘तक्रार काय आहे मॅडम?’’ सुशोभन साहेबांनी विचारलं. खात्याचे प्रमुख तेच, कारकून तेच आणि सुशोभनही बरंचसं तेच. त्यांच्या पांढऱ्या टायवर फुलं होती. ‘‘अक्षर वाचता येत नाही का?’’

‘‘येतं.’’

‘‘मग?’’

‘‘साहेब, लोक वाचतात, पण घाबरत नाहीत.’’

‘‘घाबरवणं आमच्या खात्यात येत नाही.’’

‘‘अहो, ती पाटी सज्ज्याच्या कठड्यावरच लावलीय! वाचायला लोकांना सज्ज्यावर जावं लागतं!’’

‘‘खालून नीट वाचता येत नव्हती. आम्ही नागरिकांची सोय पाहिली.’’

बाहेर चौकात फरशी फोडायचं मशीन चालू होतं. ते धडधडलं की टेबलावरचा पेला टेबलाच्या कडेकडे सरकायचा आणि साहेब बोलता बोलता सरावाने तो मागे ओढायचे. काऊने पेल्याकडे पाहिलं. मग वर, छताकडे पाहिलं.

‘‘हे मशीन इथे चालतंय, आणि वरचा सज्जा कमकुवत आहे?’’

‘‘म्हणून तर पाटी लावली ना मॅडम!’’

तेवढ्यात खिडकीबाहेरून गिलाव्याचं एक ढेपूळ खाली गेलं. पाठोपाठ वरून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. एकीचा नव्हे, घोळक्याचा. आणि त्या घोळक्यात एक खोकला होता. प्रश्नोत्तरं सुरू होण्याआधी वर्ग शांत व्हावा म्हणून काढतात तसला. तो खोकला काऊने झोपेतही ओळखला असता. किंबहुना त्या खोकल्यानेच तिची झोप आयुष्यभर मोडत आली होती.

ती धावत चौकात आली आणि मान वर केली.

सज्ज्यावर शाळेतल्या निवृत्त बायकांची फौज उभी होती. गणिताच्या बाई, शिवणाच्या बाई, भूगोलाच्या बाई आणि आणखी कितीतरी विषय. सगळ्या पाटीशेजारी उभं राहून आळीपाळीने फोटो काढत होत्या. मध्यभागी, छत्री छडीसारखी धरून, पाटीवरचं एकेक अक्षर दाखवत तिची आई होती. आणि त्यांच्या पायांखाली, जिथे सज्जा भिंतीला मिळतो तिथे, एक काळी भेग होती. ती वरून दिसण्यासारखी नव्हती. खालून मात्र भिंतीला वरची रेघ मारल्यासारखी स्पष्ट होती.

मशीन धडधडलं. भेग जराशी रुंदावली.

‘‘आई!’’ काऊ ओरडली. मशीनपुढे तिचा आवाज म्हणजे ढोलापुढे टाचणी. शिवणाच्या बाईंनी तिला पाहिलं आणि आनंदाने हात हलवला. बाईंनीही पाहिलं. आणि बाईंनी जे केलं ते त्यांच्या पोरीने जन्मात पाहिलं नव्हतं: चोरी पकडली गेल्यासारखं तोंड करून त्या चटकन भूगोलाच्या बाईंच्या मागे लपल्या.

काऊने फोन लावला. बाईंनी पर्समधून फोन काढला, नाव पाहिलं, कापला.

‘‘मी वर जाते,’’ ती जिन्याकडे वळली.

‘‘अहो, आणखी वजन वाढवताय?’’ मागून आलेल्या साहेबांनी तिची बाही धरली. त्यांचा चेहरा आता टायपेक्षा पांढरा होता. ‘‘आणि वर कोणी ‘पळा’ म्हणालं नि सगळ्या एकदम दाराकडे धावल्या, तर? तो दाराकडचाच भाग...’’ ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते अख्ख्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात शहाणं वाक्य होतं.

‘‘मग ते मशीन तरी बंद करायला सांगा!’’

साहेब धावत गेले, मशीनवाल्याच्या काचेवर टकटक केली, हातवारे केले आणि धापा टाकत परत आले. ‘‘तो रस्ते खात्याचा आहे. लेखी मागतोय.’’

लेखी. काऊने खांद्यावरची पिशवी उघडली. ब्रश तिच्या पिशवीत कायम असायचा, बाकीच्यांच्या पिशवीत छत्री असते तसा. साहेबांनी कुठल्यातरी उद्घाटनाचं जुनं कापडी बॅनर ओढून आणलं, उलटं करून फुटपाथवर पसरलं. रस्त्यावर पट्टे मारणाऱ्यांचा लाल रंगाचा डबा शेजारीच उघडा होता. कोणाला विचारायला वेळ नव्हता. तिने ब्रश बुडवला आणि एका दमात लिहिलं: ‘मागे व्हा!’

दोघांनी बॅनर उभं धरलं. वर सगळ्या माना एकदम खाली वळल्या.

आणि टाळ्या पडल्या.

कारण ‘मागे व्हा’ अप्रतिम उतरलं होतं. गे-ची मात्रा वाऱ्यावर स्वार झाली होती. व्हा-चा काना शेवटी असा कोरडा फराटा मारून सुटला होता, की बघणाऱ्याने ‘वा’ म्हणावं. शिवणाच्या बाई तर ‘‘आपल्यासाठी लिहिलंय गं!’’ म्हणत कठड्याला येऊन भिडल्या, आणि त्यांच्यापाठी सगळ्याजणी. सगळ्यांना खालचा फोटो हवा होता. सज्जा पुढे झुकला. थोडाच. पण कठड्यावरची एक कुंडी घरंगळली, चौकात येऊन फुटली, आणि वर कुणीतरी म्हणालं, ‘‘जपून, कुंडी पाडू नका!’’

‘‘वाईट लिहा ना!’’ साहेब किंचाळले. ‘‘काहीतरी भयानक लिहा!’’

‘‘लिहितेय!’’

तिने बॅनरचं उरलेलं टोक ओढलं. मुद्दाम ब्रश मुठीत धरला. ‘पळा’ नको, पळाल्या तर संपलंच. ‘धोका’ लिहायचं, ओबडधोबड, काटेरी. तिने दात आवळले, ध-ची गाठ मुद्दाम दाबून सपाट केली, ओ-ची मात्रा काठीसारखी ताठ ठेवायला घेतली. पण शेवटच्या क्षणी मनगट फिरलं. नुसतं, सवयीने. मात्रेने गिरकी घेतली, का-च्या पोटातून पांढऱ्या रेघा सुटल्या, आणि भर चौकात, रस्त्याच्या रंगात, आजवरचा सगळ्यात देखणा ‘धोका’ उमटला. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबून म्हणाला, ‘‘ताई, आमच्या दुकानाची पाटी कराल का?’’

काऊने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं पोसलेला, वळवलेला, आईच्या एका शब्दासाठी रोज राबवलेला हात. आज तो तिचं ऐकत नव्हता.

मशीन पुन्हा धडधडलं. भेगेतून चिमूटभर वाळू गळाली. मग मूठभर.

तिने ब्रश डाव्या हातात घेतला.

डावा हात आधी घाबरला. त्याला वाटलं, कप आहे. मग त्याने ब्रश पेन्सिलीसारखा गच्च, अंगठा आत घालून धरला, जीभ दातांत आली, खांदा कानाला लागला, आणि ‘धोका’च्या शेजारी उरलेल्या कापडावर तो अक्षरं काढू लागला. आई-मधला आ उताणा पडला. ई-ची शेंडी शेजारच्या स-च्या डोक्यात शिरली. स आणि ज एकमेकांना ढकलत होते, वरची रेघ तर उतारावरून घसरत चाललेली. सगळं मिळून होतं, ‘आई सज्जा पडतोय’. पण ते वाचायला देव किंवा पहिलीच्या बाईच हव्या होत्या.

बॅनर वर झालं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. ‘‘हे कुणाचं?’’ असा चेहरा करून सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

भूगोलाच्या बाईंच्या मागून बाई बाहेर आल्या. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला. त्यांची पाठ ताठ झाली. इतक्या लांबूनही काऊला दिसलं, की त्यांच्या उजव्या गालावरची ती शीर, जी फक्त पहिलीच्या वर्गाने पाहिलेली आहे, उडू लागली. मग त्या वळल्या, छत्री जमिनीवर आपटली (काऊने डोळे मिटले) आणि मशीनला न जुमानता, शाळेच्या घंटेसारख्या कडाडल्या:

‘‘रांग!’’

निवृत्ती, संधिवात, नातवंडं, सगळं गळून पडलं. सगळ्या बायका क्षणात एकापाठी एक उभ्या राहिल्या.

‘‘एकीने दारात गेल्याशिवाय दुसरीने हलायचं नाही. ढकलाढकली नाही. बोलणं नाही. गणित, हसायचं नाही. चला!’’

आणि त्या गेल्या. एक पाऊल, एक बाई, एक विषय. काऊ बॅनर छातीशी धरून बघत राहिली. प्रत्येक बाई दारात अदृश्य झाली, की तिचा श्वास थोडा सुटायचा आणि पुढच्या बाईने पाय उचलला की परत अडकायचा. भूगोल गेला. शिवण जाताना ओढणी कठड्याला अडकली. ती सोडवायला शिवण थांबलं. सज्ज्याने हाडं मोडल्यासारखा आवाज काढला. ओढणी फाटली आणि शिवण गेलं. गणित शेवटून दुसरं होतं. गेलं.

वर फक्त बाई उरल्या. वर्ग रिकामा झाल्याशिवाय शिक्षकाने बाहेर पडायचं नसतं. त्या दाराकडे वळल्या, एक पाऊल टाकलं आणि थांबल्या.

‘‘चल ना गं आई,’’ काऊ स्वतःशीच म्हणाली. ‘‘चल ना.’’

बाई परत फिरल्या. पाटीपाशी आल्या. सगळ्यांच्या फोटोच्या धांदलीत पाटी एका बाजूला कलली होती. बाईंनी ती दोन्ही हातांनी सरळ केली. एक पाऊल मागे होऊन पाहिलं. परत जरा डावीकडे सरकवली. मग खालच्या बाजूला, जिथे शेवटच्या अक्षराचा फराटा सुटत होता तिथे, पाटीवरची धूळ पदराने पुसली.

आणि मग गेल्या.

दाराचा पडदा अजून हलत होता, तेव्हा सज्जा खाली आला.

आवाज असा झाला, की मशीनवाल्याने मशीन बंद केलं. लेखी न मागता. चौकभर धुळीचा पडदा पसरला. काऊला काही दिसेना. बाई आत पोचल्या होत्या, की दारातच होत्या? दाराचा पडदा हलत होता, पण तो त्यांच्या जाण्याने, की सज्ज्याच्या जाण्याने? ती नुसतं ‘‘आई, आई’’ म्हणत धुळीत चालत राहिली. तिला कळलं नाही, पण तिचा डावा हात वर होता, वर्गात असतो तसा.

धुळीतून तोच खोकला आला.

मग छत्री आली. मग बाई आल्या, केसांत गिलावा, डोळ्यांत जाळ. त्या लेकीजवळून सरळ पुढे गेल्या, बॅनरसमोर उभ्या राहिल्या आणि छत्रीच्या टोकाने उताण्या आ-ला टोचलं.

‘‘हे काय आहे?’’

‘‘आई, तू बरी आहेस ना? लागलं नाही ना कुठे?’’

‘‘मी विचारलं, हे काय आहे! भर चौकात! लोकांनी काय म्हणावं? हिची आई शिकवत होती म्हणून?’’

‘‘आई, त्यात लिहिलंय की सज्जा...’’

‘‘मी वाचलंच नाही. वाचण्यासारखं होतं कुठे?’’

काऊ रडायला लागली आणि हसायलाही लागली, आणि दोन्हीचा ताळमेळ न बसल्याने तिला उचकी लागली. बाईंनी पर्समधून बाटली काढून तिच्या हातात दिली.

तेवढ्यात फाटकी ओढणी सावरत शिवणाच्या बाई आल्या. ‘‘अगं काऊ, तुझ्या आईनेच आणलं आम्हाला! केव्हाची मागे लागली होती, पाटी बघायला चला, पाटी बघायला चला. वर तर काय बोलत होती! म्हणाली, बघा, हे माझ्या लेकीचं. म्हणाली, असं अक्षर मला स्वतःलाही कधी...’’

‘‘मी असं काही म्हणाले नाही,’’ बाई म्हणाल्या.

‘‘अगं, आत्ता तर म्हणालीस! सगळ्यांसमोर! सज्ज्यावर!’’

‘‘कुठल्या सज्ज्यावर?’’ बाईंनी शांतपणे मान वर केली. भिंतीवर एक दार होतं, पडदा होता आणि पुढे नुसतं आकाश. ‘‘मला तर तिथे सज्जा दिसत नाही.’’

शिवणाच्या बाईंनी ओढणी पुन्हा सावरली. काऊने कितीदा विचारलं, त्या दिवशी, नंतर, जेवताना, औषधं देताना. बाईंचं उत्तर ठरलेलं: मी तिथे हवा खायला गेले होते, आणि तिथे म्हणशील तर असं ‘तिथे’ काही नाहीच.

मग काऊ सुशोभन साहेबांकडे गेली. निदान सज्जा पडला एवढं तरी लिहून द्या म्हणाली, म्हणजे तो होता हे आईला दाखवता येईल.

साहेबांनी दार लावून घेतलं. ‘‘मॅडम, तसं नाही लिहिता येत. पडला म्हटलं की नवं बांधकाम, आणि नवं बांधकाम आमच्याकडे नाही. आमच्याकडे दुरुस्ती. आणि दुरुस्ती उभ्या सज्ज्याची होते. म्हणून तो उभा आहे.’’

‘‘कुठे?’’

‘‘दप्तरी.’’ त्यांनी पेला मागे ओढला, जरी मशीन आता चालू नव्हतं. ‘‘अगदी शाबूत आहे. पाटीसकट. काही अर्ज करायचा असेल तर त्याच आधाराने करा.’’

काऊ घरी आली, टेबलाशी बसली. उजव्या हाताला विश्रांती दिली आणि डाव्याने, जीभ दातांत धरून, अर्ज लिहिला:

‘ज्या अर्थी आपल्या कार्यालयाच्या दप्तरी चौकाच्या बाजूचा सज्जा आजमितीस शाबूत आहे, त्या अर्थी सदर सज्ज्यावर उभं राहून अर्जदाराच्या मातोश्रींनी अर्जदाराच्या अक्षराबद्दल काढलेले उद्गारही शाबूत धरण्यात यावेत, अर्धवट राहिलेलं वाक्य मातोश्रींकडून पूर्ण करून घेण्यात यावं, आणि त्याची सहीशिक्क्यानिशी एक प्रत अर्जदारास लवकरात लवकर देण्यात यावी, ही नम्र विनंती.’